लिनोवर कोरलेली नाताळची शुभेच्छापत्रे

नाताळच्या शुभेच्छा आता बहुतांशी मोबाईलवरून जातात आणि आठवडाभरात पुसल्याही जातात. हाताने छापलेले शुभेच्छापत्र मात्र घरात वर्षानुवर्षे जपले जाते. ते तयार करण्यासाठी छापखाना लागत नाही. इस्लामपूरसारख्या (आताचे ईश्वरपूर) तालुक्याच्या गावीही घरच्या टेबलावर लिनोछपाई करता येते.

लिनोलियम हे मुळात जमिनीवर अंथरण्याचे आच्छादन. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज उद्योजकाने ते १८६० च्या दशकात तयार केले. जवसाचे तेल, राळ आणि बुचाचा भुगा यांचे मिश्रण तागाच्या कापडावर थापून ते बनते. लाकडासारखे रेषे नसल्याने कोरणी कोणत्याही दिशेला सहज वळते. नंदलाल बोस यांचे दांडीयात्रेतील गांधीजींचे १९३० मधील प्रसिद्ध चित्र लिनोवरचेच, तर मुंबईत अंधेरीला राहिलेल्या चित्तप्रसाद यांनी याच माध्यमात बालमजुरांची चित्रे कोरली. नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र मात्र लिनोच्याही आधीचे. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी ते काढले, त्याच्या सुमारे १,००० प्रती छापल्या आणि किंमत होती एक शिलिंग.

लिनोछपाईचे तत्त्व सोपे आहे. कोरलेला भाग पांढरा राहतो, न कोरलेला छापला जातो. अडचण येते ती अक्षरांची. ठशावर ती उलटी असावी लागतात. ‘शुभेच्छा’ सुलट कोरली, तर कार्डावर ती आरशातल्यासारखी उमटते आणि कोरलेले परत भरून येत नाही. यावर उपाय असा, की पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने मजकूर सुलटा लिहावा, कागद लिनोवर पालथा घालून पाठीमागून घासावा. अक्षरे आपोआप उलटी उतरतात. नवशिक्यांनी अक्षरेच कोरून पांढरी ठेवावीत. त्यांच्याभोवतीचा सगळा भाग खोदण्यापेक्षा ते कितीतरी सोपे.

थंडीत लिनो कडक होतो. तो थोडा वेळ उन्हात ठेवला, की मऊ पडतो. बारीक रेषांसाठी इंग्रजी ‘व्ही’ आकाराची कोरणी, मोठा भाग काढण्यासाठी ‘यू’ आकाराची. दुसरा हात नेहमी कोरणीच्या मागे ठेवावा. लिनोकामातील बहुतेक जखमा हा नियम विसरल्यानेच होतात, त्यामुळे मुलांना एकटे सोडू नये.

काचेवर शाई घेऊन रबरी रूळ फिरवावा आणि ठशाला पातळ, एकसारखा थर द्यावा. शाई जास्त झाली तर बारीक रेषा बुजतात. त्यावर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने गोल गोल दाब द्यावा. गुळगुळीत कार्डापेक्षा किंचित खरखरीत कागद शाई चांगली धरतो. पुण्याच्या हातकागद संस्थेत १९४० पासून असा कागद तयार होत आला आहे.

चित्र बर्फाचे आणि सूचिपर्णी झाडाचेच हवे, असा नियम नाही. दारावरची कागदी चांदणी, गव्हाणीतले बाळ किंवा डिसेंबरात वाळवा तालुक्यात तोडणीला आलेला ऊसही लिनोवर उत्तम उतरतो. ठसठशीत आकार या माध्यमाला मानवतात.

दोन-तीन रंग हवे असल्यास एकाच ठशावर टप्प्याटप्प्याने कोरत जाण्याची पद्धत आहे. पिकासोने ती १९५० च्या दशकाअखेरीस गाजवली. यात आधीचा ठसा पुढच्या टप्प्यात नष्ट होतो, म्हणून एकूण कार्डांची संख्या सुरुवातीलाच ठरवावी आणि बिघडतील म्हणून चार-पाच कागद जादा धरावेत.

पाण्यातली शाई लवकर सुकते. तेलाची शाई अधिक गडद दिसते, पण तिला काही दिवस लागतात. कार्डे दोरीवर चिमट्यांनी टांगावीत, पूर्ण सुकल्याशिवाय दुमडू नयेत. टपालाचे दिवस धरले, तर ठसा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच कोरून झालेला बरा.