योगेश्वरीच्या लेकींचे सासर : परशुरामभूमी कोकण

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसले की अंबाजोगाईच्या श्रीयोगेश्वरी मंदिराकडे भाविकांची रीघ लागते. त्या गर्दीत ओटीचे साहित्य घेऊन सह्याद्रीपलीकडून आलेली कोकणस्थ कुटुंबेही असतात. समुद्रकाठच्या लोकांची कुलस्वामिनी आपल्या बालाघाटाच्या डोंगरात कशी, हे कोडे पुष्कळांना पडते.

त्याचे उत्तर आख्यायिका देते. भगवान परशुरामांनी बाण सोडून सागर मागे हटविला व कोकणभूमी निर्माण केली. तेथे वसविलेल्या चित्तपावन तरुणांसाठी वधू मागितल्या त्या अंबाजोगाईच्या. येथील लोकांनी लेकी दिल्या, परंतु एका अटीवर : आमची योगेश्वरी तुम्ही कुलदेवता मानली पाहिजे. दुसऱ्या कथेनुसार देवी स्वतःच कोकणातून परळीच्या वैजनाथाशी विवाहासाठी आली. मुहूर्त टळला, वऱ्हाड पाषाण झाले आणि देवी कुमारिका राहून येथेच स्थिरावली. कथा कोणतीही घ्या, नाते सोयरिकीचेच. कोकण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले. आपण मात्र लेकींचे सासर क्वचितच पाहिले. म्हणून या पर्वकाळी त्या भूमीची ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

यात्रेचा मार्गच पुण्यप्रद आहे. अंबाजोगाईहून लातूरमार्गे तुळजापूर, तेथून सोलापूर-मिरजेवरून कोल्हापूर. साडेतीन पीठांपैकी भवानी व अंबाबाई ही दोन पूर्ण पीठे वाटेतच घडतात. पुढे आंबा घाट उतरला की सृष्टी पालटते. आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. रत्नागिरीत तो तीन हजारांच्याही वर. ज्वारी-बाजरीच्या शिवारांऐवजी भातखाचरे, नारळी-पोफळी आणि जांभ्या दगडाची घरे दिसू लागतात.

गणपतीपुळे येथे अथांग सागरासमोर स्वयंभू गजानन पश्चिमाभिमुख विराजमान आहे. तेथे डोंगरच देवस्वरूप मानला जात असल्याने प्रदक्षिणा संपूर्ण डोंगराला घालतात. उत्तरेस चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या खोऱ्यावर श्रीक्षेत्र परशुराम आहे. अठराव्या शतकात ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांनी त्या स्थानाला वैभव आणले. या परशुरामांची माता रेणुका आपल्या मराठवाड्यातील माहूरगडावर नांदते, हे येथे आवर्जून आठवावे.

दक्षिणेस मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग उभा आहे. शिवछत्रपतींनी १६६४ साली त्याचा पाया घातला. किल्ल्यातील शिवराजेश्वर मंदिरात महाराजांची मूर्ती नित्य पूजिली जाते. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे कोकणचे चार जलदुर्ग २०२५ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेल्या बारा किल्ल्यांत आहेत.

प्रवासास कार्तिक-मार्गशीर्ष हे महिने उत्तम. पाऊस सरलेला असतो आणि समुद्रही निवळलेला. तरीही एक गोष्ट आम्ही कळकळीने सांगू इच्छितो. आपण विहिरी-तळ्यांच्या मुलखातले. भरती-ओहोटीचे गणित आपल्या अंगवळणी नाही. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवदर्शनास आलेल्या परगावच्या कित्येकांना समुद्राने ओढून नेले आहे. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली ओढ असते. सागरस्नान घोट्याएवढ्या पाण्यात केले तरी पुण्य उणे होत नाही. रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वराला गेल्यास तेथील समुद्रालगतची प्रदक्षिणा ओहोटीतच करावी, आणि ओहोटीची वेळ गावकऱ्यांना विचारून घ्यावी. मुलाबाळांचा हात क्षणभरही सोडू नये.

लेकीच्या घरी रित्या हाताने जाण्याची आपली रीत नाही. निघण्यापूर्वी योगेश्वरीचे दर्शन घ्यावे आणि देवीच्या कुंकवाची पुडी बरोबर ठेवावी. कोकणात ज्या घरी उतराल, त्या घरी आपण अंबाजोगाईकडचे आहोत एवढे सांगून ती पुडी देवघरापाशी ठेवावी. ज्या घरची कुलदेवता योगेश्वरी, त्या घरी याहून मोठा आहेर कोणता? ही सोयरीक दोन्ही बाजूंनी नांदती राहो, हीच जगदंबेचरणी प्रार्थना.