टॅबलेट चालू, आधार बंद

टॅबलेट किंवा मोबाइल दोन कारणांनी निकामी होतो. पडद्याला तडा जातो, बॅटरी फुगते, चार्जिंगची खाच सैल होते, हे पहिले कारण. ते डोळ्यांना दिसते आणि बहुधा दुरुस्तही करता येते. दुसरे कारण दिसत नाही. यंत्र सुस्थितीत असते, पण त्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमला कंपनी नवे अपडेट देणे थांबवते. पुढे एकेक ॲप ‘हे उपकरण या आवृत्तीसाठी योग्य नाही’ असे सांगू लागते. टॅबलेटच्या बाबतीत हे जास्त जाणवते. मोबाइल तीन-चार वर्षांत बदलला जातो. टॅबलेट मात्र घरात, शाळेत, दुकानात सात-आठ वर्षे वापरात राहतो. यंत्राचे आयुष्य लांब आणि सॉफ्टवेअरचे आखूड, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

निफाड तालुक्यातील लासलगाव ही देशातील कांद्याची अग्रगण्य बाजारपेठ. तिथला लिलाव आजही ट्रॅक्टर-ट्रॉलीपाशी उभे राहून तोंडी बोलीने होतो. पण लिलावाच्या आधीचे आणि नंतरचे बरेच व्यवहार पडद्यावर आले आहेत. दिवसाचा भाव व्हॉट्सॲपवर कळतो, पेऱ्याची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपमधून सातबाऱ्यावर जाते, मालाचे पैसे जमा झाले की नाही ते बँकेचे ॲप सांगते, मुलांचा अभ्यास टॅबलेटवर चालतो. त्यामुळे घरातले जुने उपकरण कुठपर्यंत साथ देईल, हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही.

अपडेट येते कुठून?

अँड्रॉइडवर चालणाऱ्या टॅबलेटमध्ये सॉफ्टवेअरचे थर असतात. सर्वांत खाली लिनक्स कर्नल. तो प्रोसेसर, मेमरी, कॅमेरा, वायफाय यांच्याशी थेट बोलतो. त्याला जोडून चिप बनवणाऱ्या कंपनीने लिहिलेले ड्रायव्हर असतात. त्यावर गूगलने तयार केलेली अँड्रॉइडची मुख्य चौकट, त्यावर टॅबलेट विकणाऱ्या कंपनीने केलेले बदल आणि सर्वांत वर ॲप.

नवी आवृत्ती गूगलने जाहीर केली म्हणजे ती लगेच हातातल्या टॅबलेटवर येत नाही. चिप बनवणाऱ्याने नव्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर तयार करावे लागतात, मग टॅबलेटच्या कंपनीने ते आपल्या प्रत्येक मॉडेलवर बसवून तपासावे लागतात. लासलगावात कांद्याची ट्रॉली लिलाव, भुईकाटा, व्यापाऱ्याचे खळे असे टप्पे ओलांडते, तेव्हा कुठे शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी पडते. एक टप्पा अडला तर पुढचे सगळे अडते. अपडेटचेही तसेच आहे. चिप कंपनीने एखाद्या चिपचे काम थांबवले की टॅबलेटच्या कंपनीची इच्छा असूनही पुढे जाणे अवघड होते. स्वस्त टॅबलेटमध्ये चिप आधीच दोन-तीन वर्षे जुनी असते. म्हणजे दुकानातून नवा म्हणून घेतलेला टॅबलेट सॉफ्टवेअरच्या हिशेबाने अर्धे आयुष्य संपवूनच घरी येतो.

यात आर्थिक कारणही आहे. टॅबलेट एकदाच विकला जातो, अपडेटचा खर्च मात्र दरवर्षी येतो. कमी नफ्यावर विकलेल्या मॉडेलसाठी अभियंत्यांचा चमू पाच-सात वर्षे राखणे कंपनीला परवडत नाही किंवा नकोसे वाटते.

हा अडसर कमी करण्यासाठी गूगलने २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ आणला. त्यात ड्रायव्हरचा थर आणि अँड्रॉइडची चौकट यांच्यामध्ये ठरावीक सीमा आखली गेली, जेणेकरून वरचा थर बदलताना खालचा पुन्हा लिहावा लागू नये. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० पासून प्रणालीचे काही भाग थेट प्ले स्टोअरमार्फत बदलण्याची सोय झाली. या सुधारणांचा लाभ मुख्यतः त्यांच्यानंतर आलेल्या उपकरणांना मिळाला.

ॲपलच्या आयपॅडमध्ये चिप, प्रणाली आणि यंत्र एकाच कंपनीचे असल्याने साखळी आखूड आहे आणि आधार जास्त काळ मिळतो. तरी त्यालाही शेवट आहे. २०१० चा पहिला आयपॅड आयओएस ५ वर थांबला. २०१३ चा आयपॅड एअर आयओएस १२ पर्यंतच आला. त्याच्यासाठी सुरक्षेची दुरुस्ती मात्र जानेवारी २०२३ मध्येही निघाली होती.

ॲप का नाकारते?

अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीला एक क्रमांक असतो, त्याला एपीआय पातळी म्हणतात. अँड्रॉइड ५ ची पातळी २१, अँड्रॉइड १० ची २९. ॲप लिहिणारा त्यात किमान पातळी नोंदवतो. टॅबलेटची पातळी त्याखाली असेल तर प्ले स्टोअर ॲपची नवी आवृत्ती देत नाही. ही किमान मर्यादा हळूहळू वर सरकते, कारण ॲप तयार करण्याची साधने आणि तयार कोडचे संचही जुन्या आवृत्त्या सोडत जातात. शिवाय प्रत्येक जुन्या आवृत्तीवर ॲप तपासणे खर्चाचे असते. वापरणारे उरले थोडे की कंपनी ती आवृत्ती सोडून देते. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत अँड्रॉइड ५ पेक्षा जुन्या सर्व उपकरणांवर व्हॉट्सॲप बंद झाले, ते याच हिशेबाने.

दुसरे कारण प्रोसेसरचे. जुने प्रोसेसर ३२ बिटचे होते, नवे ६४ बिटचे; केवळ ६४ बिटसाठी बनलेले ॲप जुन्या प्रोसेसरवर चालत नाही. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ पासून ३२ बिट ॲप पूर्ण बंद केली. गूगलने ऑगस्ट २०१९ पासून प्ले स्टोअरवरील ॲपची ६४ बिट आवृत्ती देणे बंधनकारक केले.

तिसरे कारण वेबव्ह्यूचे. बँका, विमा आणि शासकीय सेवांची अनेक ॲप आतून वेबपानेच दाखवतात. ती दाखवण्याचे काम वेबव्ह्यू नावाचा भाग करतो आणि तो क्रोम ब्राउझरच्या सोबतीने बदलत जातो. क्रोमची १३९ वी आवृत्ती २०२५ मध्ये आली, तिला किमान अँड्रॉइड १० लागते. त्यामुळे अँड्रॉइड ८ किंवा ९ वर थांबलेल्या टॅबलेटवर ॲप उघडले तरी आतले पान अर्धवट दिसणे, बटण न दाबले जाणे असे प्रकार पुढे वाढत जातात.

चौथे कारण प्रमाणपत्रांचे. संकेतस्थळ खरे आहे की बनावट, हे टॅबलेट मूळ प्रमाणपत्रांच्या यादीवरून ठरवतो. ही यादी प्रणालीतच कोरलेली असते आणि प्रत्येक प्रमाणपत्राला मुदत असते. लाखो संकेतस्थळांना मोफत प्रमाणपत्र देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या प्रमाणपत्रांना आधार देणारे एक जुने मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपले. संस्थेचे स्वतःचे नवे मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ पूर्वीच्या उपकरणांना ओळखीचे नव्हते. तात्पुरती सोय करून त्यांना आणखी तीन वर्षे सांभाळले गेले. अँड्रॉइड १४ पासून ही यादी प्रणाली न बदलताही अद्ययावत होऊ शकते.

सुरक्षेचा धोका

अपडेट थांबल्याचा सर्वांत गंभीर परिणाम लगेच दिसत नाही. २०१५ च्या जुलैमध्ये अँड्रॉइडमधील ‘स्टेजफ्राइट’ हा दोष उघड झाला. केवळ खास घडवलेला मल्टिमीडिया संदेश पाठवून फोनचा ताबा मिळवता येईल, असा तो होता. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गूगल दर महिन्याला सुरक्षा-पत्रक प्रसिद्ध करते. त्यात कोणते दोष दुरुस्त झाले, ते लिहिलेले असते. हे पत्रक सर्वांसाठी खुले असते, चोरांसाठीही. ज्या टॅबलेटला दुरुस्ती मिळते त्याचे दार बंद होते. ज्याला मिळत नाही त्याचे दार उघडे आहे हे जगजाहीर होते. म्हणून आधार संपलेल्या टॅबलेटवर बँकेचे किंवा यूपीआयचे व्यवहार करणे धोक्याचे ठरते.

महाराष्ट्रातले धडे

स्वस्त टॅबलेटचा देशातला पहिला मोठा प्रयोग म्हणजे ‘आकाश’. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी तो सादर केला. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी आणि अँड्रॉइड २.२ अशी त्याची रचना होती. त्याच वर्षी अँड्रॉइड ४ बाजारात येत होते. पुढची जबाबदारी मुंबईच्या आयआयटीने उचलली आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये अँड्रॉइड ४ वर चालणारा ‘आकाश २’ आला. या अँड्रॉइड ४.० साठी गूगलने आपल्या प्ले सेवांचे अपडेट २०१८ च्या अखेरीस थांबवण्याचे जाहीर केले. किंमत कमी ठेवण्यासाठी यंत्र कमी ताकदीचे ठेवले की ते लवकर मागे पडते, हे या प्रयोगाने दाखवले.

दुसरा धडा अंगणवाड्यांचा. पोषण अभियानाखाली राज्यातील अंगणवाडी सेविकांना शासनाने मोबाइल दिले होते. १ मार्च २०२१ पासून जुन्या ॲपच्या जागी पोषण ट्रॅकर आले. २ जीबी मेमरीच्या त्या मोबाइलवर नवे काम पेलेना, ॲपची भाषा इंग्रजी होती आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी येत होता. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी हे मोबाइल शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. यंत्राची खरेदी एकदा झाली, ॲप मात्र बदलत राहिले. या दोहोंचा मेळ आधी घातला गेला नव्हता.

तिसरा धडा थेट कांदा उत्पादकांचा. महसूल विभागाची ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. पिकाचा फोटो आणि जागेचे स्थान नोंदवून शेतकऱ्याने स्वतः पेरा नोंदवायचा, ही कल्पना चांगली आहे. पुढील वर्षी ॲपची दुसरी आवृत्ती आली आणि नंतर केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडलेली आवृत्ती आली. या नोंदीचे मोल २०२३ मध्ये कळले. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या लाल कांद्याला शासनाने क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलच्या मर्यादेत अनुदान दिले. म्हणजे एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त ७० हजार रुपये. त्यासाठी सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीतून कांद्याची नोंद असण्याची अट होती. वेगवेगळ्या कारणांनी अनेकांची नोंद नव्हती. अखेर गावपातळीवरील कर्मचाऱ्यांच्या समितीने पडताळणी करण्याचा मार्ग खुला करावा लागला. ॲपमधल्या एका नोंदीवर ७० हजार रुपये अवलंबून असतील, तर ते ॲप किती जुन्या उपकरणावर चालते हा तांत्रिक तपशील राहत नाही, तो शेतकऱ्याच्या हक्काचा प्रश्न होतो.

जुन्या टॅबलेटचे काय करावे?

आधार संपला म्हणजे टॅबलेट फेकण्याजोगा झाला, असे नाही. आधी सेटिंगमध्ये ‘टॅबलेटविषयी’ या भागात अँड्रॉइडची आवृत्ती आणि शेवटच्या सुरक्षा-दुरुस्तीची तारीख पाहावी. ती तारीख वर्षाहून जुनी असेल तर बँक, यूपीआय आणि मुख्य ईमेल त्यावरून काढून टाकावे. इंटरनेट न लागणारी कामे तो अजूनही उत्तम करतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. ती एकदा साठवली की जुना टॅबलेट विद्यार्थ्याचे वाचनयंत्र होतो. आयपॅडवर पूर्वी घेतलेल्या काही ॲपची शेवटची चालणारी आवृत्ती ॲप स्टोअर देऊ करते.

जाणकारांना लिनिएजओएससारखी मुक्त प्रणाली बसवता येते. मात्र ती प्रत्येक मॉडेलसाठी नसते आणि अशा उपकरणावर बँकांची अनेक ॲप चालण्यास नकार देतात. अनोळखी संकेतस्थळांवरून ॲपच्या फाइल उतरवून बसवणे मात्र टाळावे; त्यातून चोरांना आयते निमंत्रण मिळते. बॅटरी फुगलेला टॅबलेट वापरू नये आणि भंगारातही टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर आहे; असा टॅबलेट नोंदणीकृत केंद्राकडेच द्यावा.

नियम आणि निवड

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून मोबाइल आणि टॅबलेटसाठी नवे नियम लागू केले. एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे त्याला प्रणालीचे अपडेट द्यावे लागते. काही कंपन्यांनी महागड्या मॉडेलना सात वर्षांची हमी दिली आहे. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. सॉफ्टवेअरच्या मुदतीचे युरोपसारखे बंधन इथेही हवे. महाज्योतीसारखी शासकीय संस्था प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅबलेट देते. अशा प्रत्येक खरेदीच्या निविदेत किंमत आणि मेमरीसोबत ‘सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत’ ही अट लिहिली गेली पाहिजे. शासकीय ॲपनेही जुन्या उपकरणांना शक्य तेवढा काळ सांभाळावे आणि ॲप चालत नसेल त्याच्यासाठी तलाठी कार्यालयात नोंदीचा मार्ग कायम उघडा ठेवावा.

ग्राहकाने टॅबलेट घेताना दुकानदाराला दोनच प्रश्न विचारावेत: यात अँड्रॉइडची कोणती आवृत्ती आहे, आणि अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळतील? दुसऱ्या प्रश्नाचे लेखी किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरचे उत्तर मिळत नसेल, तर तो टॅबलेट कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.