भिंतीतला पिंपळ कुंडीत

पाऊस लागून महिना झाला की जुन्या भिंतींतून पिंपळाची रोपे डोकावू लागतात. साताऱ्याच्या दगडी घरांत, सांगली-मिरजेच्या चाळींत, पुलांच्या कमानींत, विहाराच्या गच्चीवर, कुठेही. मैना, बुलबुल, तांबट हे पक्षी पिंपळाची फळे खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी भेगेत पडते. माती लागत नाही, ओल पुरते.

रोप बोटभर असते तेव्हा त्याला कोणी हात लावत नाही. शेजारी म्हणतात, त्यावर मुंजा असतो. आपल्या घरात म्हणतात, हा बोधिवृक्ष आहे. कारणे दोन, परिणाम एकच: चार-पाच वर्षांत मूळ मनगटाएवढे होते आणि भिंत फुटते. हातावर पोट असणाऱ्या घराला भिंत पुन्हा बांधणे म्हणजे काय असते ते वाचकांना सांगायला नको.

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या मागच्या भिंतीत असेच रोप आले होते. बैठकीत विषय निघाला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "बाळांनो, ज्या झाडाखाली तथागतांना बोधी मिळाली, ते उपटणार व्हय?" त्यावर गवंडीकाम करणारे एक दादा उठले. "आजी, उपटायचं न्हाई, उचलायचं. भिंत गेली तर वंदनेला बसायचं कुठं?" रोप निघाले, कुंडीत गेले आणि आजींनीच पाणी घालायचे काम अंगावर घेतले. त्या रोपाचे पुढे काय करायचे, हे विचारणारे बरेच भेटतात, म्हणून हा लेख.

लहान झाड उथळ भांड्यात वर्षानुवर्षे वाढवण्याच्या कलेला बोन्साय म्हणतात. हा जपानी शब्द. बोन म्हणजे थाळी, साय म्हणजे लागवड. कला मूळची चीनची, बौद्ध भिक्खूंच्या जाण्यायेण्यातून जपानात रुजलेली. म्हणजे श्रीमंतांच्या दिवाणखान्यात ती आज दिसत असली तरी आपल्याला ती परकी नाही. आणि छाटणी तर मुळीच परकी नाही. तासगाव, मिरज, पलूस भागात दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी करणारे हात आपल्याच वस्त्यांतून जातात. डोळा कोणता राखायचा, काडी कुठे मारायची, बगलफूट कधी काढायची, हे त्या बहिणींना पुस्तकावाचून कळते. हीच नजर इथे लागते.

रोप काढायचे ते भर पावसात, भिंत भिजलेली असताना. ओढू नये. छिन्नीने भोवतीचा चुना मोकळा करावा. सोटमूळ तुटले तरी चालते, केसासारखी मुळे सांभाळावीत. पिंपळाचा पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. हाताला लागला तर लगेच धुवावा.

पहिली दोन वर्षे थाळीचा विचारच करू नये. तेलाचा जुना डबा घ्यावा, बुडाला पाच-सहा भोके पाडावीत. मातीचे मात्र जपावे. कृष्णाकाठची काळी माती उसाला सोने, पण कुंडीत ती पाणी धरून बसते, मुळे कुजतात आणि वाळली की दगड होते. तेव्हा एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग विटांचे चाळून घेतलेले बारीक तुकडे असे मिश्रण करावे. जत-आटपाडीकडे बारीक मुरूम सहज मिळतो, तोही चालतो. या दोन वर्षांत झाडाला मनसोक्त वाढू द्यावे. वर फांद्या-पाने असतील तरच खोड जाड होते. घाई करणाऱ्यांच्या हाती काडीसारखे रोप उरते आणि त्यालाच ते बोन्साय म्हणत बसतात.

पहिली मोठी छाटणी आषाढात करावी. खोड किती उंचीवर थांबवायचे ते ठरवून, तिथल्या डोळ्याच्या इंचभर वर, धारदार कात्रीने एकच स्वच्छ घाव घालावा. हा इंच महत्त्वाचा आहे. पिंपळाची कापलेली फांदी टोकाकडून थोडी मागे वाळत येते. डोळ्याला खेटून कापली तर डोळाही जातो. वाळलेला खुंट नवी फूट जोमात आल्यावर काढता येतो. चीक वाहू लागला की ओले फडके दाबून धरावे, थोड्या वेळात तो थांबतो. पुढे प्रत्येक नव्या फांदीला सहा-आठ पाने आली की दोन राखून बाकीची छाटावी. प्रत्येक छाटणीनंतर फांदी दुभंगते, आणि झाडाला झाडपण येते ते याच दुभंगण्यातून. आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात, पण सगळे एका दिवसात नको.

फांदीला वळण द्यायला बाजारात ॲल्युमिनियमची तार मिळते. फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी तार तिरकी गुंडाळायची आणि हळूहळू वाकवायचे. आम्हाला विचाराल तर सुतळी आणि दगड पुष्कळ झाले: फांदीला सुतळी बांधून डब्याच्या काठाला ताणावी, फांदी खाली येते आणि पैसाही लागत नाही. तार लावलीच तर पावसाळ्यात दर आठवड्याला बघावी. पिंपळ झपाट्याने फुगतो आणि तार सालीत रुतते. काढताना उलगडू नये, तुकडे करून काढावी.

पिंपळाचे पान मोठे, ही खरी अडचण. फाल्गुन-चैत्रात तो आपणहून पाने टाकतो. त्या सुमारास उरलेली पाने देठ ठेवून कापली तर नवी तांबूस पालवी थोडी लहान येते. हे फक्त निरोगी झाडाला, वर्षातून एकदाच. ज्यांना खरोखर लहान पानाचे झाड हवे त्यांनी नांद्रुक घ्यावा. तो वड-पिंपळाच्याच कुळातला, पान लहान, छाटणीला सोशिक. दर दोन वर्षांनी पावसाच्या तोंडावर झाड काढून मुळांचा तिसरा हिस्सा कापावा, माती बदलावी. थाळी आली ती यानंतर.

आणखी एक. झाड टीव्हीवर किंवा घरातल्या बुद्धमूर्तीपुढे अंधारात ठेवू नये. त्याला ऊन हवे, गॅलरी हवी. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत थाळीला दोन वेळा पाणी लागते.

काही उपासक विचारतात की झाडाला असे कापणे ही हिंसा नव्हे का? भिक्खूंच्या पातिमोक्खात झाडझाडोरा तोडू नये असा नियम आहे खरा. पण तो भिक्खूंसाठी आहे, उपासकाच्या पंचशीलात तो नाही. शिवाय बोधिवृक्षाचा इतिहासच फांदीचा इतिहास आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात संघमित्रा थेरींनी बुद्धगयेच्या वृक्षाची फांदी श्रीलंकेत नेली, ती अनुराधपुरात आजही उभी आहे. भदंत आनंद कौसल्यायन यांनी त्या वृक्षाचा अंश नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणला. बुद्धगयेचा जुना वृक्ष १८७६ च्या वादळात पडला, १८८१ साली कनिंगहॅम यांनी तिथे रोप लावले. माणसाने जाणतेपणी हात लावला म्हणून ही परंपरा टिकली. आमचा आक्षेप दुसऱ्याच गोष्टीला आहे: पिंपळाच्या बोन्सायला शांती-समृद्धीचे लेबल चिकटवून ते विकणे. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने ते लेबल काढून टाकावे आणि झाड तेवढे ठेवावे.

मात्र थाळीतला पिंपळ म्हणजे पिंपळ नव्हे, हेही मुलांना दाखवावे. आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या म्हसवे गावच्या वडाचा घेर १८८२ साली मोजला तो १५८७ फूट भरला होता. मिरज तालुक्यातल्या भोशाच्या जुन्या वडासाठी २०२० साली लोक उभे राहिले, महामार्ग वळवला गेला, तरी २०२२ च्या पावसाळ्यात तो पडला. जमिनीत लावलेल्या झाडालाही राखण लागतेच. कुंडीत नीट न रमणारे रोप विहाराच्या आवारात लावावे, पण भिंत, नळ आणि विजेच्या तारा यांपासून चांगले लांब.

७ नोव्हेंबरला, म्हणजे साताऱ्याच्या शाळेत १९०० साली बाबासाहेबांचे नाव दाखल झाले त्या दिवशी, काही मंडळी मुलांना रोपे वाटतात. जरूर वाटावीत, पण त्या दिवशी छाटणी करू नये. थंडीत फूट येत नाही. छाटायचे ते वर्षावासाच्या पहिल्या दोन महिन्यांत, आणि अश्विन पौर्णिमेपर्यंत सगळ्या तारा-सुतळ्या एकदा सोडवून बघायच्या.