देशातून पळून गेलेल्या या खेळाडूने १४ वर्षांनी त्याच देशाला सुवर्णपदक मिळवून दिलं!

हॉकी म्हटलं की आपल्याला आठवतं मैदान आणि मेजर ध्यानचंद. युरोपातल्या चेक लोकांसाठी मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी, म्हणजेच आईस हॉकी! पायात स्केट्स आणि चेंडूऐवजी रबराची चकती. या चकतीला ‘पक’ म्हणतात.

याच खेळातल्या एका बचावपटूची ही गोष्ट. त्याचं नाव पेत्र स्वोबोदा. गंमत म्हणजे चेक भाषेत ‘स्वोबोदा’ या शब्दाचा अर्थ होतो स्वातंत्र्य.

स्वोबोदाचा जन्म १९६६ साली मोस्त शहरात झाला. तेव्हा चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट राजवट होती. परवानगीशिवाय देश सोडून जाणं हा गुन्हा होता. जो गेला, त्याला परतीचा रस्ता बंद.

१९८४ साली ज्युनियर संघ युरोपियन स्पर्धेसाठी पश्चिम जर्मनीत गेला होता. त्या दौऱ्यातच १८ वर्षांच्या स्वोबोदाने संघ सोडला आणि तो परतलाच नाही. घर, मित्र, देश, सगळं एका झटक्यात मागे राहिलं.

त्याच वर्षी जूनमध्ये मॉन्ट्रियल शहरात एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या लीगची खेळाडू निवड होती. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाने पाचव्या क्रमांकावर थेट स्वोबोदाचं नाव पुकारलं. दोनच वर्षांत, १९८६ मध्ये, या संघाने स्टॅनली कप जिंकला. पुढे तो बफेलो, फिलाडेल्फिया आणि टॅम्पा बे या संघांकडूनही खेळला.

बचावपटूचं काम तसं दुर्लक्षितच. समोरच्याला अडवायचं, पक हिसकावायचा आणि आपल्या आक्रमकांकडे द्यायचा. टाळ्या मिळतात त्या गोल करणाऱ्याला! स्वोबोदाने एनएचएलच्या साखळी फेऱ्यांत तब्बल १०२८ सामने खेळले आणि गोल केले फक्त ५८.

दरम्यान १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळली. १९९३ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले. पळून गेलेल्यांसाठी मायदेशाची दारं पुन्हा उघडली.

मग आलं १९९८ चं नागानो ऑलिम्पिक. एनएचएलने आपला हंगाम थांबवून खेळाडूंना ऑलिम्पिकसाठी सोडण्याची ही पहिलीच वेळ. स्वोबोदा आता चेक संघात होता. चेक संघाने आधी अमेरिकेला आणि मग उपांत्य फेरीत पेनल्टी शूटआउटमध्ये कॅनडाला हरवलं. गोलरक्षक डॉमिनिक हाशेक भिंतीसारखा उभा होता.

२२ फेब्रुवारीला अंतिम सामना होता रशियाशी. १९६८ साली ज्या सोव्हिएत रणगाड्यांनी चेकोस्लोव्हाकियात घुसखोरी केली, त्यांची आठवण चेक लोकांच्या मनातून गेली नव्हती. त्यामुळे हा नुसता सामना नव्हता. भल्या पहाटे प्रागच्या चौकात हजारो लोक मोठ्या पडद्यासमोर जमले होते.

दोन सत्रं संपली तरी गोलफलक कोराच. तिसऱ्या सत्रात पंचांनी पक बर्फावर टाकला, पावेल पातेराने तो जिंकला आणि मार्टिन प्रोखाझकाने मागे स्वोबोदाकडे ढकलला. स्वोबोदाने लांबूनच जोरदार फटका मारला आणि पक थेट जाळ्यात!

सामना १-० असा संपला. एकच गोल, तोही गोल करणं ज्याचं मुख्य काम नाही अशा माणसाचा. चेकोस्लोव्हाकियाला ऑलिम्पिक हॉकीत अनेकदा रौप्य मिळालं होतं, पण सुवर्ण कधीच नाही. ते आलं एकेकाळी ‘पळपुटा’ ठरलेल्या खेळाडूच्या स्टिकवरून.

डोक्याला झालेल्या दुखापतीमुळे २००० च्या अखेरीस त्याचं खेळणं थांबलं. पुढे तो खेळाडूंचा एजंट झाला. नागानोच्या विजयावर मात्र २००४ साली प्रागच्या नॅशनल थिएटरने चक्क एक ऑपेरा रंगमंचावर आणला!

ज्या देशाने त्याला गुन्हेगार ठरवलं होतं, त्याच देशात आजही त्याच्या त्या एका फटक्याची आठवण काढली जाते.