मुलगी पुण्याला येते, मुलगा बघायला

आज हिशोबाची वही बाजूला ठेवू. हप्ता, व्याज, कर्जाची परतफेड हे आपण दर आठवड्याला बोलतोच. आज एका सिनेमाबद्दल बोलायचंय. सिनेमा जुना आहे, २०१० सालचा, ‘मुंबई-पुणे-मुंबई’. तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी तो टीव्हीवर तुकड्या-तुकड्यानं पाहिला असेल. अर्धा पाहिला आणि मग गॅसवरचं दूध उतू गेलं, असं.

हा विषय निघाला तो स्वारगेटला. गेल्या हिवाळ्यात भोरकडच्या आमच्या गटांमधल्या सहा जणींना घेऊन मी पुण्याला प्रदर्शनात चालले होते. इंद्रायणी तांदूळ, नाचणीचे पापड, कुरडया, अशी सात-आठ बोचकी बरोबर. स्वारगेटला एसटीतून उतरलो, एका काकूंना तहान लागली. टपरीवर जाऊन म्हणाल्या, “एक पानी द्या.” टपरीवाला हसला आणि म्हणाला, “पाणी म्हणा, आजी, पाणी.” काकू म्हणाल्या, “पानी म्हना नाहीतर पाणी म्हना, बाटली वीसचीच ना?” तिथं उभे असलेले सगळे हसले. टपरीवालाही हसला. वीस रुपये मात्र त्यानं घेतलेच.

पुढं मेट्रोचा सरकता जिना आला. स्वारगेटची मेट्रो जमिनीखाली आहे, २०२४ मध्ये सुरू झाली. मुठा नदीच्या खालून गाडी जाते म्हटल्यावर दोघी जणी लगेच “आम्ही रिक्षानं येतो” म्हणाल्या. शेवटी सहाही जणी एकमेकींचे हात धरून, डोळे मिटून जिन्यावर चढल्या. मागं पुण्याची चार कॉलेजची पोरं खोळंबली होती. पण त्यांनीच बोचकी खाली उतरवून दिली.

संध्याकाळी परतीच्या एसटीत एक वहिनी म्हणाल्या, “आपलाच आज सिनेमा झाला.” मला हा सिनेमा आठवला. मग पुढच्या महिन्यात बचतीची बैठक झाल्यावर, जिच्या घरी मोठा टीव्ही आहे तिच्याकडं बसून आम्ही तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला.

गोष्ट एवढीशी आहे. मुंबईची एक मुलगी पुण्याला येते. आईनं एक स्थळ आणलंय. आईचं मन मोडायचं नाही म्हणून मुलाला भेटायचं आणि नकार देऊन परत जायचं, हे तिचं घरातून निघतानाच ठरलेलं. पुण्यात ती पहिल्यांदाच आलीय. पत्ता विचारते एका मुलाला. मुलगा पक्का पुणेकर, सरळ उत्तर देईल तर शपथ. मग दिवसभर दोघं एकत्र फिरतात, भांडतात. तुझी मुंबई अशी, तुझं पुणं तसं. संध्याकाळपर्यंत भांडणाचा सूर बदलतो. आणि शेवटी कळतं की ज्याला नकार द्यायला ती आली होती तो हाच! हे सांगून टाकलं म्हणून रागावू नका. ज्यांनी पाहिलाय त्या हे माहीत असूनही परत पाहतात.

दिग्दर्शक सतीश राजवाडे. काम करणारे मुख्य दोघंच, मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी. हीच जोडी नंतर २०१२ मध्ये ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ या मालिकेत होती, तेव्हा तुम्ही त्यांना राधा आणि घना म्हणून ओळखत होतात. या पहिल्या सिनेमात मात्र दोघांची नावंसुद्धा आपल्याला कळत नाहीत. मला गंमत वाटते ती वेगळीच. यात मुंबईची मुलगी झालेली मुक्ता बर्वे मूळची पुण्याजवळच्या चिंचवडची, आणि पुण्याचा मुलगा झालेला स्वप्नील जोशी मुंबईचा. म्हणजे दोघंही अख्खा सिनेमाभर आपल्याच गावाला नावं ठेवतात.

आता मुंबई आणि पुणे यांच्यात अंतर किती? दीडशे किलोमीटरच्या आसपास. भाषा एक, देव तेच, सणवार तेच. १९३० पासून डेक्कन क्वीन दोन्हीकडची माणसं ने-आण करते. तरी भांडण मिटत नाही. पु. ल. देशपांड्यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांच्यावर जे सांगितलंय ते ऐकून आजही लोक पोट धरून हसतात. का बरं? मी यावर विचार केला तर मला असं वाटतं की दोन्हीकडच्या सवयी ज्या त्या जागी बरोबरच आहेत. मुंबईत लोकल चुकली की कामावर खाडा लागतो. तिथला माणूस चालता चालता बोलतो, चार शब्दांत पत्ता सांगतो आणि पुढं जातो. पुण्याच्या जुन्या पेठांत खाली दुकान आणि वर घर. मालक स्वतः जेवणार, स्वतः घटकाभर आडवा होणार, म्हणून दुपारी एक ते चार दुकान बंद. तोच प्रश्न दिवसातून पन्नास जणांनी विचारला की तो वैतागून पाटी लावतो. आपण त्याला पुणेरी पाटी म्हणून हसतो. त्याच्या दृष्टीनं ती सोय आहे.

अशा सिनेमांची सगळी गंमत इथंच असते. प्रत्येकाला आपली सवय म्हणजे जगाचा नियम वाटतो, आणि समोरचा चुकीचा वाटतो. सून नवीन आली की पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरात हेच होतं की नाही? आमटीत गूळ घालायचा की नाही, यावरून. हिंदीत ‘टू स्टेट्स’ आला २०१४ मध्ये. त्यात मुलगी तमिळ, मुलगा पंजाबी. तिथं दोघांचं कधीच जमलेलं असतं, आईबापांचं जमवताना सिनेमा संपतो. ‘मुंबई-पुणे-मुंबई’त आईबाप दिसत नाहीत, म्हणून दोघांना बोलायला सगळा दिवस मिळतो.

एक गोष्ट मात्र मला खटकते, आणि ती या एका सिनेमाबद्दल नाही. हसणं दोन प्रकारचं असतं. मुंबईची मुलगी पुण्याला हसते, पुण्याचा मुलगा मुंबईला हसतो. दोघं बरोबरीचे आहेत. दोघंही शिकलेले, दोघांच्या खिशात पैसे, दोघांना उलटून बोलता येतं. म्हणून कुणाला लागत नाही. पण आपल्याकडच्या कितीतरी सिनेमांत आणि मालिकांत गावाकडची बाई आली की तिच्या तोंडी ‘व्हय’, ‘न्हाय’, ‘आनि-पानी’ घालतात आणि लोक हसतात. तिला उलटून बोलायला वाक्यच दिलेलं नसतं. स्वारगेटच्या टपरीवर आमच्या काकूंनी उत्तर दिलं म्हणून ती गंमत झाली. त्या खाली मान घालून परत आल्या असत्या, तर त्याला गंमत म्हटलं असतं का?

सिनेमा संपल्यावर बायका पहिलं काय बोलल्या असतील? प्रेमाबद्दल नाही. एक मावशी म्हणाल्या, “अनोळखी पोराच्या मागं दिवसभर हिंडती, आक्रितच!” आणि खोलीत एकदम शांतता झाली. सगळ्यांच्या मनात एकच आलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट स्थानकातच पहाटेच्या वेळी एका तरुणीला, तुझी बस तिकडं लागलीय असं गोड बोलून उभ्या असलेल्या एसटीकडं नेलं आणि अत्याचार केला, अशी फिर्याद झाली. आपण सगळ्या त्याच फलाटांवरून ये-जा करतो. तेव्हा सिनेमातला तो दिवस सिनेमातच राहू द्यायचा. पत्ता विचारायचा तर कंट्रोलरच्या खिडकीवर, वाहकाला नाहीतर पोलिसाला. पण त्या मावशींना मी एवढंच विचारलं, की लग्न ठरवताना आपण मुलीला ज्याच्या घरी पाठवतो तो तरी तिच्या ओळखीचा असतो का?

इथून खरी चर्चा सुरू झाली. कारण या सिनेमात भाषा, वडापाव, समुद्र, ट्रॅफिक हे सगळं वरवरचं आहे. आत उलटी झालेली गोष्ट वेगळीच आहे. आपल्याकडं मुलाकडचे येतात. मुलगी डोक्यावर पदर घेऊन कांदेपोह्यांचा ट्रे घेऊन येते. नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का. पंधरा-वीस मिनिटं. मग “तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा” म्हणून दोघांना गच्चीवर नाहीतर गोठ्याकडं पाठवतात, आणि दारातून लहान भाऊ डोकावत असतो. नंतर मुलीकडची मोठी माणसं मुलाचं घर बघायला जातात. काका जातात, मामा जातात, गावातले एक-दोन प्रतिष्ठित जातात. जिला त्या घरात जन्म काढायचाय ती जात नाही! सिनेमातली मुलगी गाडी पकडून एकटी मुलाच्या गावात येते, नकार मनात ठेवून येते, आणि कुणी तिला निर्लज्ज म्हणत नाही. माझ्या लग्नाच्या वेळी मी बी.ए. झालेली होते, तरी सासरचं घर पहिल्यांदा पाहिलं ते माप ओलांडताना. मोरी घराच्या मागं, उघड्यावर आहे, हे मला हळदीच्या अंगानं कळलं.

बैठकीला एक ताई होत्या, त्यांच्या मुलीला त्याच रविवारी बघायला येणार होते. मुलगी वीस वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. मुलगा पुण्यात हडपसरला, कंपनीत. ताई तेव्हा काही बोलल्या नाहीत, वही घेऊन गेल्या. रविवारी रात्री त्यांचा फोन आला. म्हणाल्या, “मॅडम, पोरीनं तासभर बोलून घेतलं. मी पाव्हण्यांना दुसऱ्यांदा चहा टाकला, धाकट्याला दळणाला पाठवलं.” मुलीनं काय विचारलं? तुमच्याकडं पाणी किती वाजता येतं. मला शेवटचं वर्ष पूर्ण करायचंय, त्याचे पैसे कोण भरणार. तुम्हाला भाकरी येते का. मुलगा म्हणाला, भाकरी येत नाही, भात-आमटी येते. पोरगी म्हणाली, मग शिका. तो हसला म्हणे. ताईंना ते हसणं बरं वाटलं.

कुणी म्हणेल, सिनेमा बघून का लग्नं होतात? नाही होत. या सिनेमाला हलकंफुलकं राहता येतं याचं कारणही ध्यानात घ्या. दुसऱ्या भागात, २०१५ मध्ये, त्यांना नावं मिळाली: गौरी देशपांडे आणि गौतम प्रधान. दोन्ही घरं खाऊनपिऊन सुखी. जात, जमीन, मानपान, हुंडा असलं काही मधे येत नाही. फार तर तिचा पूर्वीचा मित्र परत येतो आणि तिचं मन डळमळतं. दुसऱ्याच वर्षी, २०१६ मध्ये, नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. तीही दोन पोरांच्या प्रेमाची, दोन वेगळ्या घरांची गोष्ट. पहिला अर्धा तुम्ही-आम्ही हसतच पाहिला. शेवट कुणी विसरलेलं नाही. वेगळेपण खाण्याबोलण्याचं असतं तोवर हसता येतं. घरच्यांनी त्याला इज्जतीचा प्रश्न केला की हसू संपतं.

तिसरा भाग २०१८ चा. तो आमच्या बायकांना सगळ्यांत जास्त आवडला असता असं मला वाटतं, पण वेळ झाली होती, म्हणून फक्त गोष्ट सांगितली. लग्नाला तीन वर्षं झालीत, दिवस जातात, आणि गौरीची आत्ताच आई व्हायची तयारी नसते. एवढं सांगितल्यावर दोन जणी एकदम बोलायला लागल्या आणि एक उठून पाणी प्यायला गेली. त्यावर वेगळी बैठक घ्यावी लागेल. आशाताईंना बोलावून.

तर त्या बी.कॉम.च्या मुलीचं पुढं काय, हे विचारायला कालच एका गटातून फोन आला. होकार झालेला नाही, नकारही नाही. मुलीनं सांगितलंय, घर बघायला मी येणार. घरात दोन दिवस वादावादी झाली. चुलते म्हणाले, मुलगी कधी जाते का मुलाच्या दारात, लोक काय म्हणतील. आजीनं मधेच विचारलं, “लोक हिला नांदवायला येणारेत का?” त्यावर चुलते गप्प झाले, पण राजी झाले असं नाही. ते बरोबर येणार नाहीत.

येत्या बुधवारी आम्ही जातोय. मुलगी, तिची आई, आजी आणि मी. सकाळच्या एसटीनं स्वारगेट, तिथून हडपसरची बस. आजीनं आधीच सांगून ठेवलंय की त्या सरकत्या जिन्यावर ती चढणार नाही. हडपसरला जाताना तो जिना वाटेत येत नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.