पाट का तडकला?

जेवायला बसायचा पाट आपल्या सर्वांच्या ओळखीचा. एक फळी आणि तिच्या खाली दोन आडव्या पट्ट्या. यात अवघड ते काय, असे आम्हांलाही वाटले होते. फुरसतीच्या वेळात हौसेने सुतारकाम शिकायचे ठरवले, तेव्हा पहिली वस्तू म्हणून आम्ही पाटच करायला घेतला.

भर पावसाळ्यात वखारीतून आंब्याची फळी आणली. स्वस्त मिळाली. हाताला गार लागत होती, वजनालाही जड होती. पण आम्हांला घाई. रंधा मारला, कडा घासल्या, खाली दोन पट्ट्या लावल्या आणि प्रत्येक पट्टीला चांगले पाच-पाच खिळे ठोकले. दिवाळीत पाहुणे त्या पाटावर बसून जेवले. घरच्यांनी कौतुक केले. पुढे फाल्गुनात एका रात्री ‘फट्’ असा आवाज झाला. सकाळी पाहतो तो पाट मधोमध उभा तडकलेला!

शेजारच्या गल्लीत एक म्हातारे मिस्त्री राहतात. त्यांना पाट दाखवला. त्यांनी तो उलटा केला, खिळे पाहिले आणि हसले. म्हणाले, “अहो, फळी ओली. त्यात तुम्ही तिला बांधून घातलीत. तिनं आकसायचं कुठं?”

हे आकसणे काय असते ते समजून घेऊ. झाड मुळांनी पाणी ओढते आणि वर शेंड्यापर्यंत पोचवते. त्यासाठी खोडात बारीक बारीक उभ्या नळ्या असतात. कडब्याची पेंढी असते ना, तसेच खोड समजा. ओल्या कडब्याची पेंढी घट्ट बांधून ठेवली, तरी वाळल्यावर ती सैल पडते. ताटे बारीक होतात. पण त्यांची लांबी काही कमी झालेली दिसत नाही. लाकडाचेही असेच आहे. वाळताना ते रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही. साग हे सर्वांत कमी हलणाऱ्या लाकडांपैकी एक. तरी १० इंच रुंद ओली सागाची फळी घरात वाळली, की पाव इंचाच्या आसपास आकसू शकते.

आता आमच्या पाटाकडे पाहा. फळी रुंदीत आकसत होती. खालची पट्टी मात्र त्याच दिशेला लांब होती, म्हणून ती आकसेना. खिळ्यांनी दोघींना एकत्र जखडलेले. ओढाताणीत फळी हरली.

बरे, फळी एकदा वाळली म्हणजे काम संपले असेही नाही. पावसाळ्यात दार चौकटीत अडते आणि उन्हाळ्यात तेच सैल होते, हे तुम्ही पाहिले आहेच. वाळलेले लाकूडसुद्धा दमट हवेतला ओलावा घेते, कोरड्या हवेत तो सोडते. म्हणून आषाढात अडलेल्या दाराला लगेच रंधा मारू नका. वैशाखात त्याच जागी फट दिसेल.

लाकूड वाळवायचे कसे? उन्हात टाकून नव्हे. उन्हाने वरचा भाग झटकन वाळतो, आतला ओला राहतो आणि भेगा पडतात. पडवीत सावलीला, वारा खेळेल अशा जागी फळ्या रचाव्यात. जमिनीला टेकवू नयेत, नाही तर वाळवी लागेल. दोन फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवाव्यात, आणि त्या पट्ट्या एकावर एक नेमक्या याव्यात. फळीची दोन्ही टोके आधी वाळतात, म्हणून त्यांना रंग किंवा मेण लावावे. एक इंच जाडीला एक वर्ष, असा सुतारांचा जुना हिशेब आहे. धीर नसेल तर एका लहान फळीचे वजन दर पंधरा दिवसांनी करा. वजन उतरायचे थांबले, की लाकूड तयार.

याहून सोपे म्हणजे जुने लाकूड घ्यावे. मोडकी खाट, पडलेल्या घराचे दार. फक्त आतले खिळे आधी शोधून काढा, नाही तर करवतीचे दात जातील. आणि बांधावरचा साग किंवा आंबा आपलाच, म्हणून तोडायला जाऊ नका. १९६४ च्या कायद्याप्रमाणे त्याला परवानगी लागते.

हत्यारे थोडी पुरतात. करवत, रंधा, दोन पटाश्या, गुण्या, हातोडा आणि धारेचा दगड. विजेची हत्यारे पाहून मोह होतो, पण पहिले वर्षभर त्यांच्या वाटेला जाऊ नये असे आमचे मत आहे. हाताने काम करताना लाकडाची रेषा कुठे जाते ते कळते. धारेचा आळस मात्र नको. बोथट पटाशीला जोर जास्त लावावा लागतो, मग ती निसटते. दुसरा हात कधीही धारेच्या पुढे ठेवू नका. आमच्या अंगठ्यावर एक खूण आहे, ती याच चुकीची.

तडकलेला पाट आम्ही चुलीत घालणार होतो. मिस्त्री म्हणाले, “थांबा, आता ती फळी वाळलीय. आता तर ती कामाची झाली.” त्यांनी खिळे उपटायला लावले. दोन्ही तुकड्यांच्या कडा रंध्याने सरळ करून घेतल्या आणि सरस लावून, आवळून बांधून एक दिवस ठेवायला सांगितले. नव्या पट्ट्यांना सरस लावू दिला नाही. प्रत्येक पट्टीच्या मध्यावर एक स्क्रू घट्ट बसवला. टोकांची भोके पट्टीच्या लांबीच्या दिशेने लांबट कोरली आणि त्यांत वायसर घालून स्क्रू बेताने आवळले. फळी हलली, तर स्क्रू भोकात सरकेल.

त्या पाटाने तीन पावसाळे काढले आहेत. श्रावणात आणि चैत्रात तो उलटा करून पाहिला, तर टोकांचे स्क्रू भोकात किंचित इकडचे तिकडे झालेले दिसतात.