अँटिऑक्सिडंट, एलडीएल कण आणि पेशींची वाढ: गैरसमज व वस्तुस्थिती

वनस्पतींतील अँटिऑक्सिडंट द्रव्यांमुळे कोलेस्टेरॉल उतरते, ही समजूत दृढ असली, तरी या द्रव्यांविषयीचा मूळ सिद्धांत कोलेस्टेरॉलच्या प्रमाणाविषयी नव्हताच. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नसल्याने ते मेद व प्रथिनांच्या सूक्ष्म कणांतून रक्तात वाहिले जाते. यांपैकी एलडीएल हे कण धमनीच्या भित्तिकेत अडकले, की त्यांतील मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण होते, म्हणजे ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपांमुळे ती रासायनिकदृष्ट्या बिघडतात. असे कण भक्षक पेशी अनिर्बंधपणे गिळतात, मेदाने भरून त्यांच्या ‘फेनपेशी’ होतात आणि धमनी अरुंद करणारा थर साचू लागतो, अशी उपपत्ती डॅनियल स्टाइनबर्ग व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडली. एलडीएल घटवण्याचे काम वनस्पतीही करतात, पण ते प्रामुख्याने ओट्ससारख्या धान्यांतील विद्राव्य तंतूंमुळे: हे तंतू पित्ताम्ले बाहेर नेतात आणि नवी पित्ताम्ले बनवण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल उचलते.

परीक्षानळीत चहातील किंवा द्राक्षांतील पॉलिफेनॉल ही अँटिऑक्सिडंट द्रव्ये हे ऑक्सिडीकरण रोखतात, हे खरेच आहे. मात्र आतड्यातून त्यांचा अल्प भागच शोषला जातो आणि यकृत त्याचे रूप झपाट्याने बदलते. म्हणूनच परीक्षानळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट क्षमतेच्या गुणांकावरून अन्नाची आरोग्यदायकता ठरवणे चुकीचे असून, अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा गुणांकांची सारणी २०१२ मध्ये मागे घेतली. ‘होप’ या वैद्यकीय चाचणीतही (२०००) ई जीवनसत्त्व या अँटिऑक्सिडंटने हृदयविकार घटला नाही. ऑलिव्ह तेलातील पॉलिफेनॉल हा लक्षणीय अपवाद होय: ते एलडीएलचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करतात, हा दावा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये ग्राह्य धरला.

सर्वांत घातक गैरसमज पेशींच्या वाढीविषयीचा आहे, कारण अँटिऑक्सिडंट घेतल्यास कर्करोग टळतो असे गृहीत धरून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत, ज्यांना गाजरात आढळणारे बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट रोज २० मिलिग्रॅम मिळत होते, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले (१९९४). पुढे २०१४ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिले, की अँटिऑक्सिडंटमुळे ‘पी५३’ या पहारेकरी प्रथिनाची पातळी घटते. हे प्रथिन बिघडलेल्या पेशींचे विभाजन थांबवत असल्याने, ऑक्सिडीकरणाचा ताण कमी होऊन ते घटताच अर्बुद अधिक वेगाने वाढते. फिनलंडचा निष्कर्ष मात्र कॅप्सूलमधील एकाकी द्रव्याच्या मोठ्या मात्रेविषयी आहे, गाजराविषयी नाही.